एक तांब्या जिवाणी

पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेल्या जिवांचा, म्हणजे जिवाणीचा तांब्या घेऊन मी तळ्याकडं चढत होते, तेवढ्यात पाण्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला. माकड असेल म्हणून मी खालूनच हाड् हाड् केलं. माकडांना आमच्याकडं काहीही चालायचं, प्लास्टिकचा पाइपसुद्धा आवडीनं चावायची. पण बांधावर पोचले, तर माकड नव्हतंच. समोरच्या काठावर गव्याची मादी उभी होती. अंग काळपट आणि चारी पायांत पांढरे मोजे. खाली आमच्या तळ्यात तिचं तांबूस पिल्लू पोहत होतं. पोहत कसलं, अजून बुडालं नव्हतं एवढंच.

तिनं नाकातून फुस्स केलं आणि माझ्याकडं रोखून बघितलं. मी तांब्या तिथल्याच दगडावर ठेवला आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागं सरकत खाली आले. अंगणात आमचे हे सायकलच्या जुन्या चाकापासून पवनचक्की करत बसले होते.

"अहो, तळ्यात गव्याचं पिल्लू पडलंय."

"केवढं हाय?"

"केवढं म्हणजे? लहान असलं तर चालणार आहे का?"

"तसं नव्हं गं. दोरीवरनं चढून येईल का, म्हणतोय."

ही दोरी काय, ते सांगायला हवं. आमचं तळं ह्यांनी स्वतः खणलेलं. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला मातीचा बांध आणि आत शेततळ्याचा काळा प्लास्टिकचा कागद. त्या कागदावरून पाय असा घसरतो की आत पडलेला जीव बाहेर येत नाही. आम्ही जैन. आपल्या पाण्यात उंदीर, सरडा, बेडूक मरू नये म्हणून ह्यांनी चारी कोपऱ्यांत काथ्याच्या गाठी मारलेल्या दोऱ्या सोडल्या होत्या. मुंगीपासून घोरपडीपर्यंत सगळ्यांची सोय केली होती. गव्याची तेवढी राहिली.

हे इचलकरंजीत जॉबर होते. यंत्रमाग बिघडला की मालक ह्यांना बोलवायचे. आयुष्य दुरुस्तीत गेलेला माणूस, विकतची वस्तू म्हणजे त्यांना स्वतःचा पराभव वाटायचा. कारखाने बंद पडायला लागले तसे हे आजऱ्याच्या पुढं डोंगरात घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर मला घेऊन आले. खांब नाही, तार नाही, नळ नाही. मी कुरकुरले तर म्हणाले, "आपण दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं. आपल्याला लाइट लागतीय कशाला?" ट्रकच्या जुन्या बॅटरीवर एक दिवा लागायचा. त्या बॅटरीच्या खोक्यात पहिल्याच वर्षी फुरसं निघालं, तेव्हापासून मी दिवा लावायला काठी घेऊन जायची.

कुंपणसुद्धा घरचंच. सुभेदार गावडे, म्हणजे खालच्या वाडीतले आमचे एकुलते एक शेजारी, झटका मशीन बसवा म्हणून मागं लागले होते. जनावराला झटका द्यायचा, हे ह्यांना पटेना. त्यांनी इचलकरंजीहून जुन्या साड्या आणि मागाच्या मोडक्या कांड्या पोतंभर आणल्या. साड्या बांबूला बांधल्या आणि त्यांना कांड्या टांगल्या. वारा सुटला की सगळं खुळखुळायचं. रानडुकरं पहिला महिना घाबरली, मग खुळखुळत आत यायला लागली.

मी थकले होते. ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण हे माझ्यापेक्षा जास्त राबत होते. शेवटी दिवाळीत इचलकरंजीला लेकाकडं, भरतकडं गेलो असताना मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. ठरलं असं, की येता उन्हाळा आपल्या जागेतल्या पाण्यावर निघाला तर राहायचं. नाही निघाला तर गाशा गुंडाळून भरतकडं यायचं, पुन्हा विषय काढायचा नाही. भरतनं त्याच आठवड्यात आमची खोली रंगवून घेतली. ह्यांनी इकडं येऊन तळ्याची खोली वाढवली. थंडीभर आमच्याच हद्दीतल्या वरच्या झऱ्याचं पाणी पाइपानं तळ्यात पडत होतं. झरा उन्हाळ्यात इतका उतरतो की पाइपाच्या तोंडाला लागतसुद्धा नाही, म्हणून पावसाळ्यापर्यंतचं आमचं सगळं पाणी त्या तळ्यातच होतं. होळी झाली, पाडवा झाला, तळं अजून अर्ध्याच्या वर. हे रोज बांधावर जाऊन यायचे आणि मला मुद्दाम काही सांगायचे नाहीत. त्यांच्या चालण्यावरून कळायचं.

त्या सकाळी हे बांधापर्यंत जाऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांनी हत्यारांच्या पेटीकडं बघितलं नाही. मी सुभेदारांना हाक मारायला खाली गेले.

सुभेदार पितळी शिट्टी घेऊनच निघाले. वाटेत त्यांनी टेकाडावर चढून, जिथं रेंज येते तिथून, वनखात्याला फोन लावला. कुठल्याशा गावात उसात हत्ती शिरला होता, सगळे तिकडं होते. तिकडचं उरकलं की येतो, म्हणाले.

"काळजी करू नगासा वहिनी," सुभेदार म्हणाले. "जनावराला आवाजाची भीती. मी आत्ता लावतो बघा तिला पिटाळून."

त्यांनी शिट्टी वाजवली आणि पत्र्याचा डबा बडवला. मादीनं मान खाली घातली. पुढचं इतक्या झटक्यात झालं की मला नीट दिसलंसुद्धा नाही. दिसलं ते एवढंच, की साड्यांचं कुंपण एका बाजूनं लोळलं होतं, डबा चेपला होता आणि सुभेदार आमच्या फणसावर होते. त्या वयात फणसावर चढलेला माणूस मी पुन्हा बघितला नाही.

"लागलं का?" हे दाराआडून ओरडले.

"लागलं न्हाई. शिट्टी पडली," वरून उत्तर आलं.

ती पुन्हा पिल्लाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिच्याजवळ जायचं नाही आणि पिल्लाला काढायचं, असं ते कोडं होतं. कोडं म्हटल्यावर ह्यांच्या अंगात संचारलंच. मागाच्या जुन्या लाकडी पट्ट्या जोडून त्यांनी शिडी केली, तिला पोतं गुंडाळलं म्हणजे खूर घसरायला नको, आणि मागच्या झुडपांतून सरपटत जाऊन ती तळ्यात सोडली. शिडी पाण्यावर तरंगली. मग तिला दगड बांधले. पिल्लानं पुढचे पाय टेकवले, पट्टी मोडली आणि ते पुन्हा आत. मग ट्रॅक्टरचं जुनं टायर. मग गवताच्या पेंढ्या भरलेली पोती. प्रत्येक वेळी मादी धावून यायची, हे झुडपात अंग टाकायचे, आणि मी खाली भिंतीला पाठ लावून उभी राहायची. साठी उलटलेला माणूस. ढोपरं फुटली होती, सदरा फाटला होता. एकदा ती इतक्या जवळून गेली की झुडूपच आडवं झालं. हे उठेपर्यंत मी सगळे तीर्थंकर आठवून घेतले.

"बास करा आता," मी म्हणाले. "माणूस जायचं."

"एवढं एकदाच बघतो."

हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते.

ऊन चढलं. पिल्लाचं पोहणं मंदावलं. आधी ते कडेकडेनं फिरायचं, आता एका कोपऱ्यात थांबलं. नीट बघितलं तेव्हा कळलं की त्यानं हनुवटी त्या काथ्याच्या दोरीच्या गाठीवर टेकवली होती. उंदरांसाठी सोडलेल्या दोरीवर ते कसंबसं डोकं वर धरून होतं. मधूनच डोकं घसरायचं, नाकात पाणी जायचं, ते फुरफुरायचं आणि पुन्हा गाठ शोधायचं. वरून मादी एकसारखा बारीक आवाज काढायची. एवढ्या मोठ्या जनावराचा एवढा बारीक आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं.

सुभेदार आता फणसावरून आमच्या कौलांवर उतरले होते. तिथून त्यांना सगळं दिसत होतं.

"मगदूम," ते ह्यांना म्हणाले, "खालनं बांध फोडा. पाणी उतरलं की त्येच चालत भाईर येतंय. ती वरल्या अंगाला हाय तवर जमंल."

हे फाटक्या सदऱ्यानं ढोपर पुसत होते.

"ऐकलं का?"

"ऐकलं." हे भिंतीला टेकून बसले होते. "फोडा म्हणायला काय जातंय? सगळी थंडी गेलीय भरण्यात."

"मग बसा बघत. आणि तासाभरात मरंल त्ये. मग मेलेलं जनावर तळ्यात. त्ये पानी प्याचं हाय का तुम्हास्नी?"

"वनखात्याची गाडी येईल की."

"येईल. उद्याच्याला."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय करूया गं?"

'फोडा' एवढंच म्हणायचं होतं. जीव बुडत असताना दुसरं काय म्हणणार? रोज सकाळी फडक्यावरचे न दिसणारे जीव तांब्यात घेऊन चढ चढणारी बाई मी. पण बांध फुटला की उन्हाळा गेला, आणि उन्हाळा गेला की मला माझी खोली मिळाली, नळ मिळाला, लाइट मिळाली, दाराशी भाजीवाली मिळाली. दिवाळीपासून मी मनातल्या मनात ज्याची वाट बघत होते, ते एका शब्दावर येऊन थांबलं होतं. तो शब्द मी पिल्लासाठी उच्चारते आहे की माझ्यासाठी, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

"बोल की."

"मला काय विचारता? तळं तुमचं."

ह्यांनी हातावरची माती झटकली. मग म्हणाले, "तुला तर हेच पाहिजे हुतं."

ओरडून म्हणाले असते तर मीही ओरडले असते. ते अगदी दमून, खाली बघत म्हणाले, आणि उठून कोपऱ्यातली कुदळ घेतली.

मी तिथंच उभी राहिले. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि राग यासाठी की ते खोटं नव्हतं. मग मीही खोरं घेतलं आणि त्यांच्या मागं गेले.

बांधाची खालची बाजू घराकडं होती. तिथून मादी दिसत नव्हती, म्हणजे तिलाही आम्ही दिसत नसणार, एवढाच आधार. हे कुदळीनं खणायचे, मी खोऱ्यानं माती ओढायची. कौलांवरून सुभेदार दबक्या आवाजात खबर द्यायचे, "हाय तितंच हाय... हलली... न्हाई, हाय तितंच." तो बांध ह्यांनी थरावर थर टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून केला होता. त्यामुळं तो फुटता फुटेना. स्वतःचं काम इतकं चांगलं केल्याचा पश्चात्ताप मी त्या दिवशी त्यांच्या तोंडावर बघितला.

शेवटी मातीआडचा काळा कागद उघडा पडला. पाण्याच्या भारानं तो फुगून बाहेर आला होता. हे थांबले. त्याचे सगळे जोड त्यांनी स्वतः शेकून चिकटवले होते, एकही गळत नव्हता. त्यांनी खिशातून जॉबरकीचा जुना चाकू काढला. ज्यानं आयुष्यभर तुटलेले धागे सोडवले तोच.

"बाजूला हो," ते म्हणाले.

कागद टर्रकन फाटला आणि पाणी अंगावर आलं. आम्ही दोघं दोन बाजूंना फेकलो गेलो. गढूळ लोट मिरच्यांच्या वाफ्यातून, अंगणातून, पवनचक्कीच्या चाकाला गोल फिरवत खाली ओढ्याकडं गेला. ते चाक त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं फिरलं. बघता बघता बांधाची फट रुंदावली, आवाज कमी झाला आणि आत चिखलात चारी पायांवर उभं असलेलं पिल्लू दिसलं. ते थरथरत होतं. दोनदा पडलं. मग फटीतून लडबडत बाहेर आलं आणि आमच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. त्याच्या नाकपुडीतून पाणी गळत होतं.

"हलू नका," सुभेदार वरून म्हणाले. "येतीया ती."

आम्ही चिखलात पडलो होतो तसेच पडून राहिलो. मादी बांधावरून खाली उतरली. तिचे खूर माझ्या डोळ्यांसमोरून गेले. तिनं पिल्लाला हुंगलं, मानेखाली ढोसलं, आणि दोघं उरलेल्या साड्या तुडवत, कांड्या खुळखुळवत रानात गेली. एक फाटकी हिरवी साडी तिच्या शिंगाला अडकून काही अंतर गेली.

"साधं वळून बघितलंबी न्हाई," सुभेदार कौलांवरून उतरत म्हणाले.

"का बघावं?" हे म्हणाले. "पाडलं कुणी त्याला?"

सुभेदार चहा पिऊन गेले. चहा पिंपातल्या पाण्याचा. त्या पिंपात दोन दिवसांचं पाणी होतं. हे बराच वेळ ओट्यावर बसले. चिखल अंगावर वाळला तरी धुवायला उठले नाहीत. मग म्हणाले, "भरतला फोन करून सांग. खोली रंगवलीय त्यानं. उद्या टेंपो पाठव म्हणावं."

"आणि हत्यारं?"

"देऊन टाकूया गावड्यांना. तिथं काय करायची?"

हेच मला हवं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी आत गेले, ट्रंक ओढली, दोन लुगडी काढून ठेवली आणि पुन्हा बाहेर आले. तेव्हा वर दगडावर तांब्या दिसला. सकाळचा. एवढ्या धामधुमीत त्याला कुणाचा धक्काही लागला नव्हता.

आमच्यात पाणी दुहेरी फडक्यानं गाळतात. फडक्यावर जे जीव राहतात ते फेकायचे नसतात. फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुवायचं आणि ते पाणी जिथलं तिथं नेऊन सोडायचं. तीच जिवाणी. माहेरी विहीर दारात होती, फार काही वाटायचं नाही. इथं ह्यांनी तळ्याचं पाणी पाइपानं उतारानं चुलीपर्यंत आणलं, पण जिवाणी काही पाइपातून चढावर जात नाही. तिच्यासाठी परतीचा पाइप आणि हातपंप बसवायचा बेत चालला होता, मीच हात जोडले. रोज चढून जात होते.

मी वर गेले, तांब्या उचलला. तळ्यात फक्त काळा कागद, चिखल आणि कोपऱ्यातल्या दोरीवर चढणारा एक बेडूक.

"आता कुठं सोडणार?" खालून हे म्हणाले. "तळं कुठं ऱ्हायलंय?"

"तळ्यात पाणी कुठनं आलं होतं?"

"झऱ्यातनं."

"मग तिथं सोडते."

"एवढा चढ? आता? दिवस बुडायला आलाय. आणि ती दोघं त्याच बाजूला गेल्यात."

"मग या बरोबर."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढं माझे गुडघे गेले तसे आम्ही इचलकरंजीला आलोच, भरतच्या त्याच खोलीत. हे बाल्कनीत कुंड्यांना थेंबथेंब पाणी घालायचं काहीतरी करत असतात आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करत असतात. भरत कधी कधी विचारतो, "आई, त्या उन्हाळ्यात तळं फुटलं तेव्हाच का नाही आलात? तुलाच तर यायचं होतं." यायचं होतंच. त्या डोंगराचा मला शेवटपर्यंत लळा लागला नाही. पण 'तुला हेच पाहिजे हुतं' हे वाक्य ट्रंकेत घालून मला यायचं नव्हतं. एका मुक्या पिल्लाच्या जिवावर नवऱ्यावर मात करून मिळालेली खोली, तिच्यात मला झोप लागली नसती. हे त्याला कसं सांगणार?

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून जाऊन आले आणि आम्ही चढायला लागलो. पुढं हे, हातात काठी, दर दहा पावलांना थांबून कानोसा घेत. मागं मी. वाटेत एका करवंदीला हिरव्या साडीची चिंधी लटकत होती. ह्यांनी ती सोडवून खिशात घातली. टाकायची म्हणून नाही, कुठंतरी उपयोगी पडेल म्हणून. ते बघून मला जरा बरं वाटलं.

झरा कातळाच्या कपारीतून येत होता. उन्हाळ्यामुळं धार करंगळीहून बारीक. पाइपाचं तोंड तिच्या वर, कोरडं. खाली ओंजळभर डबकं होतं. मी वाकून तांब्या अगदी पाण्याला टेकवला आणि जिवाणी हळूच सोडली. उंचावरून ओतायची नसते.

उठले तेव्हा हे माझ्या कमरेकडं आणि हाताकडं बघत होते. चढताना त्यांनी एकदाही मागं बघितलं नव्हतं.

"राजमती," ते म्हणाले, "एवढीशी जिवाणी सोडायला दोन कळश्या कशाला आणल्यास?"

मी एक कळशी धारेखाली धरली. तळाशी टप टप वाजायला लागलं.

"भरायला लई वेळ लागंल," ते म्हणाले. "आणि उद्या परत. रोजचं हाय हे, पाऊस पडंस्तोवर."

"मग त्या पाइपाचं तोंड खाली आणता येतंय का बघा," मी म्हणाले. "आणि ही धरा. माझा हात दुखतोय, आणि दिवस बुडायच्या आत जेवायचंय."